तिकीट, चिल्लर आणि दोन दारं

१२ जानेवारी

जावईबुवा,

आशीर्वाद, पण आज अर्धाच. उरलेला अर्धा तुम्ही काय उत्तर देता त्यावर.

काल तुमच्या शेजारच्या शिक्षिकाबाई भाजी घेताना भेटल्या. म्हणाल्या, "जावई गेले की हो तुमचे, बस घेऊन." मी म्हटलं, "कुठली बस? ते तर केव्हाच निवृत्त झाले." मग कळलं, की तुम्हीच चालवायचात ती मोडीत निघालेली जुनी बस, माझ्या लेकीनं आणि तुम्ही मिळून जिची घरगाडी केलीत, तीच बाहेर काढून तुम्ही निघालात. निघालात ते बरं केलंत. माणसानं भिंतींशी किती बोलायचं? पण मांजरं? दोघांनाही बरोबर घेतलंत?

अहो, त्या तिकिटानं एवढा बोका झाला तरी अजून जिना पाहिलेला नाही. चिल्लर दारावरची घंटा वाजली तरी कपाटात शिरते. तिसऱ्या मजल्याखालचं जग दोघांना फक्त काचेतून ठाऊक. माझ्या लेकीनं त्यांना कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं. ड्रायव्हरच्या घरात शोभावीत म्हणून असली नावंही तिनंच ठेवली. ती जाऊन वर्ष होत आलं. तिच्या हातचं जिवंत असं एवढंच राहिलंय, आणि ते तुम्ही चाकांवर घालून गावोगाव हिंडवताय.

म्हणून एक अट. दोघांपैकी एक जरी एकदा निसटलं, मग ते सापडो न सापडो, तर तुमची मांजरं बंद. जे उरेल ते माझ्याकडे आणून सोडायचं. सून नाक मुरडेल, तिचं मी बघते.

फोन करू नका. निम्मं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं सून मधे बोलून खाते. शिक्षिकाबाईंकडून तुमच्या मुक्कामाचा पत्ता घेतलाय, त्यावर हे टाकते; तुम्हीही पत्र लिहा, आणि गाडी थांबवून लिहा, म्हणजे अक्षर लागेल.

तुमची सासू


२० जानेवारी
धरणाकाठचा वाहनतळ

ती. आईंना ड्रायव्हरच्या सीटवरून वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही, पोट स्टिअरिंगला टेकतं.)

सांगून निघालो नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही निघू दिलं नसतं. आणि मांजरांना कुणाकडे ठेवू? शिक्षिकाबाईंना शिंका येतात. शिवाय खरं सांगायचं तर त्या दोघांशिवाय मला घरात झोप लागत नव्हती, ती गाडीत कुठून लागणार?

तुमचा राग अर्धा तरी उतरावा म्हणून आधी चांगलं सांगतो. खिडक्यांना आतून जाळी ठोकली आहे. छतावरचा झरोका बोटभरच उघडतो. मातीचा ट्रे मागच्या बाकाखाली, खाणं पुढच्या कपाटाशी, जागा बदलत नाही. दोघांच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्यावर माझा नंबर. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची म्हणतात ना, ती मी बांधली. हातावरचे ओरखडे साक्षीला आहेत.

आता वाईट. तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही, तुम्ही ओळींच्या मधलंही वाचता. आई, माझा डावा हात माझं ऐकत नाही. अख्खी नोकरी एकच काम केलं: थांबा आला की ब्रेक, ब्रेक लागला की डावा हात बटणावर, आणि फुस्स करून दार उघडं. आता गाडीत एकही उतारू नाही, तरी गाडी थांबली की हात आपला आपण जातो. परवा सिग्नलला थांबलो तर दार उघडलं आणि एक बाई दोन पिशव्या घेऊन चक्क चढल्या. "मंडईला जाईल ना?" म्हणाल्या. त्याच वेळी चिल्लर खालच्या पायरीपर्यंत पोचली होती. त्या बाईंच्या पिशव्यांनीच तिची वाट अडवली. त्यांना मी मंडईत सोडलं, दुसरं काय करणार? उतरताना म्हणाल्या, "तुमच्या बसमध्ये पडदे फार छान आहेत." ते हिनं शिवलेत, हे मी सांगितलं.

तर माझं म्हणणं असं, की पायरी ही गाडीचाच भाग असते. त्यामुळे हे निसटणं धरू नये, ही नम्र विनंती.

आपला जावई


२९ जानेवारी

जावईबुवा,

पायरीची सूट दिली. एकदाच. वकील व्हायला हवे होतात.

जित्याची खोड म्हणतात ती हीच. हाताला दोष देऊ नका, त्याला दुसरं काही शिकवलंच नाही कुणी. आता मी शिकवते. तुम्ही आयुष्यभर दार उघडलंत, मी आयुष्यभर बंद केलं. सिनेमा थिएटरात दारावर होते मी, हे तुम्ही विसरला असाल. दुपारच्या खेळाला कुणी उशिरा आलं आणि बाहेरचं ऊन आत शिरलं, की पडदा पांढरा व्हायचा आणि सगळं थिएटर माझ्या नावानं बोंबलायचं. म्हणून आमच्याकडे दोन दारं होती. बाहेरचं दार, मग दोन माणसं उभी राहतील एवढी अंधारी जागा, आणि मग जाड काळा पडदा. नियम एकच: मागचं लागल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही. मंत्री आला तरी नाही. उजेड आत येऊ द्यायचा नाही हे माझं काम होतं, मांजर बाहेर जाऊ द्यायचं नाही हे तुमचं. गोष्ट एकच आहे.

थिएटर बंद पडलं तेव्हा तो काळा पडदा मी मागून घेतला होता. आजवर गाद्यांवर घालत होते. तो धुऊन, तुमच्या दाराच्या अंदाजानं कापून पाठवते आहे. खालच्या दुमडीत साखळी शिवली आहे, म्हणजे मांजरानं डोकं घातलं तरी उचलला जाणार नाही. कारण डोकं शिरलं की मांजर शिरलंच. दोन्ही कडांना आकडे आहेत, ते गाडीच्या खांबांना अडकवायचे. पायऱ्यांच्या वर लावा, खाली नको.

बटणावर एखाद्या डबीचं झाकण बसवा. हात गेला की आधी झाकणाला लागेल आणि तेवढ्यात डोकं जागेवर येईल. गाडी चालू असताना दोघं टोपलीत, झाकण लावून. ब्रेकखाली मांजर आलं तर तुमची ड्रायव्हरकी तिथेच संपेल. आणि दार उघडण्याआधी दोघांना डोळ्यांनी बघायचं. "असतील मागे" हे चालणार नाही.

आता कुठे निघालात? नदी समुद्राला मिळते तिकडे जाणार होतात ना दोघं? ती मला म्हणाली होती, "आई, गोडं पाणी खाऱ्यात शिरतं तिथे रंगाची रेघ दिसते म्हणे." तिथे पोचलात तर बघा आणि मला कळवा.

तुमची सासू


१८ फेब्रुवारी
नदीच्या मुखाजवळचा वाहनतळ

ती. आईंना नमस्कार.

पडदा मिळाला. धरणाकाठी इथला पत्ता ठेवून आलो होतो, तिथून पार्सल पुढे आलं आणि इथल्या कार्यालयातल्या माणसानं ते खिडकीतून आत दिलं. उघडल्याबरोबर तिकीट त्यात जाऊन झोपला, तो उठेपर्यंत काम थांबलं. पडद्याला अजून थिएटरचा वास येतो का हो? मला आला.

बसवला आहे. साखळी अगदी जमिनीला टेकते. एका खांबाला आकडा बसत नव्हता, तिथे लाकडाची पट्टी ठोकली. चिल्लरनं डावीकडून, उजवीकडून, खालून, सगळीकडून डोकं घालून पाहिलं आणि शेवटी पडद्याकडे पाठ करून बसली. बटणावर बुटाच्या पॉलिशची डबी बसवली. हात अजूनही जातो, पण टण्णकन झाकणाला लागतो आणि मला तुमचा आवाज ऐकू येतो.

आणखीही सुधारणा केल्या. झरोका आता खिळे मारून बंदच केला. मागच्या दारालाही आडणा घातला. पाववाला आणि दूधवाला खिडकीशी येतात, जाळीला हातभर झडप ठेवली आहे, ती उघडून घेतो आणि लगेच लावतो. पाण्याची नळी बाहेरून जोडायची असते, ती शेजारच्या गाडीतला माणूस जोडून देतो. कचराही त्यांच्याच हाती देतो. म्हणजे दार उघडायची वेळच येत नाही. आल्यापासून एकदाही उघडलेलं नाही! आता सांगा, आहे का कुणाची बिशाद निसटायची?

मुख समोरच आहे. पाण्याचा आवाज येतो.

दोघं मजेत. तिकिटाचं वजन वाढलं आहे. काळजी करू नये.

आपला जावई


२५ फेब्रुवारी

जावईबुवा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा खूश झाले. दुसऱ्यांदा त्यात पाणी शोधत बसले. तिसऱ्यांदा वाचताना चष्मा पुसावा लागला.

मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं जगाला दिसत नाही. तुमचं तसंच चाललंय. आकडा, आडणा, खिळा, झाकण, सगळं लिहिलंत. पाण्याबद्दल एक ओळ, तीही आवाजाची. अहो, तुम्ही तिथे पोचलात कशासाठी? मी दोन मांजरं आत ठेवायला सांगितली होती. तुम्ही तीन ठेवलीत.

मी तुम्हाला पहिल्यापासून ओळखते. लग्नाची बोलणी करायला आलात तेव्हासुद्धा अवघड प्रश्न आला की उठून खिडकीची कडी बघायचात. आमच्या घरातली एक कडी तेव्हाच तुम्ही दुरुस्त केलीत. आताही तेच. तिच्याशिवाय ते पाणी बघायला लागेल, म्हणून तुम्ही दारच उघडत नाही आणि नाव मांजरांचं सांगता.

बास झालं. दोघांना टोपलीत घाला, किंवा पडदा लावून मोकळं सोडा, पडदा त्यासाठीच दिलाय. आणि उतरा. पाण्यापर्यंत चालत जा, बघा, परत या आणि मला लिहा. तोपर्यंत माझ्याकडून पत्र येणार नाही. हा राग नाही. राग कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे.

तुमची सासू


८ मार्च
तिथूनच

ती. आईंना नमस्कार.

आधी निकाल सांगतो, म्हणजे वाचताना तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. चिल्लर निसटली. चिल्लर सापडली. दोघं आत्ता माझ्या पायाशी आहेत. पण निसटली. या वेळी पायरीचं निमित्त नाही. मी अट मोडली.

झालं ते असं. तुमचं पत्र आलं त्यानंतर बरेच दिवस मी रोज बूट घालायचो आणि काढून ठेवायचो. काल दुपारी उतरलो. नियमानं: दोघांना डोळ्यांनी पाहिलं, पडदा लावला, आकडे अडकवले, मग दार. वाळूतून चालत गेलो. आई, रेघ खरोखर आहे. एका बाजूला गढूळ, एका बाजूला हिरवट. पण ती एका जागी राहत नाही. लाट आली की इकडे, नदीनं ढकललं की तिकडे. मी बराच वेळ बघत उभा होतो. आणि मग "अगं, ही बघ" असं म्हणून मी बाजूला वळलो.

मोठ्यानं म्हणालो. तिथे एक माणूस गळ टाकून बसला होता, त्यानं मान वर केली.

मग मात्र मला तिथे उभं राहवेना. भरभर परत आलो, चढलो, सीटवर बसलो. आता ऐका. गाडी तयार झाल्यावर आम्ही दोघं चार-सहा वेळा तिच्यातून फिरून आलो होतो. दर वेळी मी पुढे येऊन सीटवर बसायचो आणि ही मागून सावकाश यायची, कुणाशी तरी बोलत, काहीतरी गोळा करत. आली की मी बटण दाबायचो आणि म्हणायचो, "चला, पुढे सरका." काल मी पडद्याचे आकडे लावले नाहीत, कारण ती यायची होती. बटणावरचं झाकण माझ्याच हातानं काढलं आणि दार उघडलं. या वेळी हाताची चूक नव्हती, आई. मी तिच्यासाठी दार उघडलं.

चिल्लर पडद्याच्या सुट्या कडेनं सटकली आणि गाड्यांच्या चाकांमध्ये दिसेनाशी झाली.

तिकिटाला टोपलीत कोंबलं आणि धावलो. वाहनतळभर "चिल्लर! ए चिल्लर!" ओरडत फिरलो. एक दांडगा ट्रकवाला जेवत होता, तो उठून माझ्यापुढे उभा राहिला. "कुणाला चिल्लर म्हणतो रे?" मी म्हटलं, "दादा, मांजर आहे माझं." आणि मला रडू फुटलं. ही गेली तेव्हा चारचौघांत नव्हतो रडलो, ते एका अनोळखी माणसाच्या ट्रकला टेकून रडलो. तो गडबडला. हात धुतले आणि तोही ओरडायला लागला, "चिल्लर! चिल्लर!" मग शेजारच्या गाडीतले नवराबायको आले, पाववाला आला. सगळा तळ चिल्लरच्या नावानं दणाणला. एवढ्या गोंगाटाला मांजर येतंय होय? ते आणखी लपणार.

तेव्हा मला एक सुचलं. तुम्हाला ठाऊक आहे, दुपारच्या फेरीला माझी बस आमच्या बिल्डिंगखालच्या थांब्यावर थांबायची. फुस्स आवाज वर ऐकू गेला की ही म्हणायची, "आले बरं का," आणि दोघांच्या ताटल्या भरायची. ही सांगायची, की रस्त्यावरून कितीही बस जाऊ देत, दोघं फक्त माझ्या बसच्या दाराला उठून बसतात. मी सगळ्यांना हात जोडून गप्प केलं. गाडीत आलो, पडदा नीट लावला, आकडे अडकवले आणि सीटवर बसून बटण दाबलं. फुस्स. उघडलं. थोडा थांबलो. फुस्स. बंद. पुन्हा उघडलं. ट्रकवाला पुतळ्यासारखा उभा. असं किती वेळा केलं कोण जाणे. आणि मग ट्रकखालून बाईसाहेब निघाल्या, अंग झटकलं, पायऱ्या चढल्या आणि पडद्याशी येऊन "उघडा आता" म्हणून ओरडल्या. मी बाहेरचं दार लावलं. मग पडदा उघडला. मागचं लागल्याशिवाय पुढचं नाही.

ट्रकवाला सकाळी निघताना चिल्लरला खिडकीतून टाटा करून गेला.

तर अट म्हणजे अट. तुमचं उत्तर आलं की निघतो आणि दोघांना तुमच्या दारात आणून सोडतो. तुमच्याकडे ती सुरक्षित राहतील. तुमचा हक्कही माझ्याआधीचा आहे, लेक तुमची. फक्त एक विचारायचं होतं, रागावू नका. ही गेल्यापासून मी तुमच्याकडे आलो नाही. कुठल्या तोंडानं येऊ, तुमच्या घरात तिच्याशिवाय कुठे बसू, हेच कळत नव्हतं. या मांजरांमुळे तुमची पत्रं यायला लागली. आठवड्यातून एक दिवस का होईना, टपालाची वाट बघावीशी वाटायला लागली. ती दोघं तुमच्याकडे आली की मी तुम्हाला कशाबद्दल लिहू?

आपला जावई


१४ मार्च

जावईबुवा,

पूर्ण आशीर्वाद. आधीचा राहिलेला अर्धासुद्धा.

मांजरं आणू नका. मला मुळात ती नको होती. सुनेला खरंच शिंका येतात, आणि बोक्याला उचलायची ताकद माझ्या हातांत राहिली नाही. अट घातली ती का, सांगते. वाटलं, मांजरं माझ्याकडे आली तर त्यांना बघायला तरी तुम्ही येत जाल. म्हणजे तुमच्या गाडीला मुद्दाम बसवलेला थांबा होता तो. तुम्ही इतके काटेकोर निघालात की माझाच डाव माझ्यावर उलटला. एकही मांजर निसटेना आणि तुम्ही येईनात!

चिल्लर निसटली त्याबद्दल मी तुम्हाला बोलणार नाही. माझ्या लेकीसाठी दार उघडलंत, त्याला मी काय बोलणार?

पण तुम्ही विचारलंत म्हणून माझंही ऐका. इथे सगळे माझी काळजी घेतात. मुलगा चांगला आहे, सूनही वाईट नाही. पण माझ्या लेकीचं नाव निघालं की दोघं एकमेकांकडे बघतात आणि भाजी कुठली करायची विचारतात. मला त्रास होऊ नये म्हणून तिचा फोटोसुद्धा आतल्या खोलीत नेला. वर्षभरात मी तिच्याबद्दल मोठ्यानं बोलले ते फक्त तुमच्या पत्रांत. हिनं पडदे शिवले, ही मागून सावकाश यायची, हे वाचलं की ती मला दिसते. लहानपणीही ती तशीच होती. शाळेतून सगळी पोरं घरी पोचायची आणि ही कोपऱ्यावर कुणाच्या तरी कुत्र्याशी गप्पा मारत उभी. हे मी कुणाला सांगू? तुम्हीच एक आहात.

म्हणून मी ठरवलंय. या आणि मला घेऊन जा. मुलाला सांगून झालंय. तो म्हणाला, "आई, या वयात?" मी म्हटलं, "मांजरं जातात, मी का नाही?" बॅग भरली आहे. गुडघ्यांची औषधं घेतली आहेत. तुम्ही पाण्यावर जाल तेव्हा मी आत बसेन, मी जाईन तेव्हा तुम्ही बसा. म्हणजे त्या दोघांनाही एकटं राहायला नको आणि आपल्यालाही.

माझं फारसं काही मागणं नाही. चहात साखर कमी. झोपायला खालचा बाक. आणि रोज संध्याकाळी तिची एक गोष्ट तुम्ही सांगायची, एक मी सांगेन. मधे रडू आलं तर गाडी बाजूला घ्या, पण विषय बदलू नका.

तुमची आई